सहा महिन्यांत माळ्यावर न जाणारी खेळणी आणि पुस्तकं कशी निवडायची

आमच्या सोसायटीत तळमजल्याच्या एका खोलीत मी सहा वर्षं मुलांसाठी खेळण्या-पुस्तकांची छोटी लायब्ररी चालवते, आणि लोक तिथे जी खेळणी "घ्या हो, अगदी नवीन आहे" म्हणून आणून देतात ती बघून खरंच वाईट वाटतं. डबा एकदाच उघडलेला, आतली वस्तू दोन-चार वेळा हाताळलेली, आणि बहुतेक वेळा महागातली. उलट ठोकळ्यांची पिशवी सहसा कोणी देत नाही, आणि दिलीच तर त्या घरातलं मूल दहावीला गेलेलं असतं. हा फरक नशिबाचा नाहीये, निवडीचा आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी आणि वाढदिवसांच्या वेळी मला तेच प्रश्न येतात आणि चुकाही त्याच दिसतात, म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहितेय.

सगळ्यात मोठी चूक क्रमाचीच आहे. आपण आधी दुकानात किंवा ॲपवर जातो, तिथे जे दिसतं त्यातून निवडतो, आणि घरी आल्यावर मूल त्याचं काय करतं ते बघतो. हे उलटं करायचंय.

## १. आठवडाभर नुसतं मूल बघा, काही विकत घेऊ नका

एक वही घ्या, किंवा फोनमधल्या नोट्समध्ये लिहा. मूल आपणहून, कोणी न सांगता, पुन्हा पुन्हा काय करतंय ते रोज दोन ओळीत लिहायचं. त्याला काय आवडतं असं नाही लिहायचं, तो हाताने काय करतो ते लिहायचं. "गाड्या आवडतात" हे निरुपयोगी आहे. "गाड्या एका रांगेत लावतो आणि कोणी हलवली की रडतो" हे कामाचं आहे, कारण यावरून कळतं की त्याला गाडीपेक्षा रांग लावण्यात रस आहे, मग पुढे ठोकळे, मणी, डॉमिनो असलं काहीही चालेल आणि अकरावी गाडी आणायची गरज नाही.

दीड ते चार वर्षांच्या मुलांमध्ये काही गोष्टी हमखास दिसतात: डब्यात भरायचं आणि ओतायचं, वस्तू इथून तिथे वाहून न्यायच्या, फेकायचं, गोल फिरवायचं, ओढणीत गुंडाळायचं, टेबलाखाली लपायचं. एक आई माझ्याकडे आली होती, मुलगा दोन वर्षांचा, तक्रार अशी की हा कशातच रमत नाही, महागडं बोलणारं खेळणं आणलं तर तेही पिशवीत घालून घरभर फिरवतो. अहो, मग तो रमलाय की! त्याला वाहून न्यायचंय. आम्ही त्याला दोरी लावलेला पुठ्ठ्याचा खोका दिला, नंतर त्यांनी ढकलायची लाकडी गाडी घेतली, आणि ती गाडी आज तो पाच वर्षांचा आहे तरी वापरात आहे, आता त्यात भाजीचं दुकान असतं.

मोठ्या मुलांचं बघताना कंटाळलं की ते कुठे जातात तिकडे लक्ष द्या. कागद कापत बसतात का, कोणाशी बोलायला जातात का, जिन्यावर उड्या मारतात का.

तपासा: वहीत कमीत कमी तीन क्रिया पुन्हा पुन्हा आल्यात का? नसतील तर अजून चार दिवस थांबा. खरेदी कुठे पळून जात नाही.

## २. घरातलं सगळं एका चादरीवर ओता

सुट्टीच्या दिवशी, मूल झोपलेलं असताना, घरातली सगळी खेळणी एका चादरीवर काढा. पलंगाखालची, गॅलरीतली, आजीकडे ठेवलेली, सगळी. मग चार ढीग करायचे: रोज वापरात, मधूनमधून, कधीच नाही, आणि मोडलेलं. तिसरा ढीगच तुम्हाला सांगेल की तुम्ही नेमकं काय चुकीचं घेता. आमच्या ओळखीत एका घरी तिसऱ्या ढिगात नऊ रिमोटच्या गाड्या निघाल्या, त्यानंतर बाबांनी दहावी घेतली नाही.

मोडलेल्या ढिगातून बॅटऱ्या काढून वेगळ्या करा, गळलेली बॅटरी मुलाच्या हाताला लागता कामा नये. चित्राच्या कोड्याचा (जिगसॉ पझलचा) एक तुकडा हरवलेला असेल तर कोडं टाकू नका, पुठ्ठा कापून तुकडा करा, पण दहा तुकडे नसतील तर सरळ काढून टाका, कारण अर्धवट खेळणं मुलाला फक्त अपुरं राहायची सवय लावतं.

कमी खेळणी समोर असली तर मूल जास्त खेळतं हे नुसतं आजीचं म्हणणं नाही. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या, २०१८ साली छापून आलेल्या अभ्यासात ३६ लहान मुलांना एकदा ४ खेळणी आणि एकदा १६ खेळणी देऊन बघितलं, तर चार असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. मुलं फार नव्हती त्यात, पण माझ्या खोलीत मी रोज हेच बघते.

## ३. प्रत्येक वस्तूला तीन वयांची परीक्षा द्यायला लावा

आता यादी करा, पण यादीतल्या प्रत्येक वस्तूसमोर तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. आज हा याचं काय करेल? दोन वर्षांनी काय करेल? चार वर्षांनी काय करेल? तिन्ही उत्तरं वेगळी आली पाहिजेत. पहिलंच उत्तर रिकामं असेल तर आज घ्यायचं नाही, आणि तिन्ही उत्तरं सारखीच असतील ("बटण दाबेल, गाणं वाजेल") तर ते खेळणं मुलाबरोबर वाढणारं नाही.

पत्त्यांचा साधा कॅट घ्या, सगळ्यात स्वस्त उदाहरण म्हणून. तीन वर्षांचं मूल लाल-काळे वेगळे करतं, राजा-राणीची चित्रं शोधतं. चार-साडेचारला भिकार-सावकार, त्यात काही डोकं लागत नाही, फक्त सारखा आकडा ओळखायचा आणि हरायची सवय करायची, जी सवय खूप महत्त्वाची आहे. सहाला बदाम सात, इथे आकड्यांची चढ-उतार कळावी लागते आणि पान दाबून धरायची गंमत सुरू होते. आठला झब्बू. दहाच्या पुढे पाच-तीन-दोन, मेंढीकोट, म्हणजे हुकूम, भिडू, कोणाचं काय गेलं ते लक्षात ठेवणं. आणि मधे कधीही पत्त्यांचा बंगला. एकच कॅट दहा वर्षं, आणि त्यात आजोबापण खेळतात.

याच्या उलट बोलणारं, गाणारं, दिवे लागणारं खेळणं. ते पहिल्या दिवशी शंभर टक्के गुण मिळवतं म्हणूनच आपण फसतो. त्यात करण्यासारखं सगळं खेळणंच करतं, मुलाला फक्त बटण उरतं. अमेरिकेत १० ते १६ महिन्यांच्या बाळांवर झालेला एक छोटा अभ्यास २०१६ साली छापून आला, २६ आई-बाप-बाळाच्या जोड्या, त्यात इलेक्ट्रॉनिक खेळणं चालू असताना आईवडील सगळ्यात कमी बोलले आणि पुस्तक हातात असताना सगळ्यात जास्त. खेळणं बोलायला लागलं की माणूस गप्प बसतो, इतकं सरळ आहे ते.

सावधान: "वाढणारं" म्हणजे "मोठ्या मापाचं" नाही. ही गल्लत सायकलीच्या बाबतीत जवळजवळ प्रत्येक घरात होते. वाढत्या अंगाचा फ्रॉक घेतो तशी सायकल घेतात, दोन वर्षं पुरेल म्हणून. मूल सीटवर बसल्यावर पाय जमिनीला टेकत नसतील तर ते शिकणारच नाही, पडेल, घाबरेल आणि सायकल जिन्याखाली जाईल. शिकतानाची सायकल आजच्याच मापाची हवी, दोन्ही तळवे टेकले पाहिजेत, मग सीट वर करत न्या. स्केट्स आणि हेल्मेटलाही हाच नियम, सैल हेल्मेट नसल्यातच जमा. अशा वस्तू जुन्या घेतलेल्या किंवा मोठ्या भावंडाच्या वापरलेल्या चालतात (हेल्मेट सोडून, ते आपटलेलं असलं तर बाहेरून कळत नाही).

## ४. आधी कणा उभा करा, मग बाकी

प्रत्येक घरात चार-पाच वस्तूंचा कणा असावा, बाकी सगळं त्याच्याभोवती येतं-जातं. क्रमही हाच ठेवा.

ठोकळे. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर इथे घाला. साधे, रंग नसलेले किंवा कमी रंगाचे लाकडी ठोकळे, आणि मापं एकमेकांशी जुळणारी हवीत, म्हणजे दोन छोटे मिळून एक मधला, दोन मधले मिळून एक लांब. हे जुळत नसेल तर पूल बसत नाही, भिंत सरळ होत नाही, आणि मूल स्वतःला दोष देतं. दुकानात पट्टी घेऊन मोजा, लाजू नका.

मूल ठोकळ्यांशी कसं वाढतं ते ओळखीचं आहे. आधी नुसते उचलून फिरवतं. मग रांग आणि मनोरा. मग एक दिवस दोन ठोकळ्यांवर तिसरा आडवा ठेवतं, पूल! मग चारी बाजूंनी बंद करतं, गोठा किंवा तळं होतं. मग दोन्ही बाजू सारख्या करून नक्षी. आणि शेवटी बांधायच्या आधीच सांगतं, मी आता दादरचं स्टेशन करतोय. प्रत्येक मूल याच वेगाने जात नाही, आणि पूल यायच्या आधी तुम्ही पूल करून दाखवलात तर त्याचा तो शोध तुम्ही घेऊन टाकला.

चूक अशी होते की दहा-बारा ठोकळ्यांचा गोड डबा घेतात, त्यावर अ-आ-इ आणि प्राणी छापलेले. दहात एक मनोरा होतो आणि संपतं. चाळीस-पन्नास तरी हवेत. एकदम परवडत नसतील तर वीस घ्या आणि दर वाढदिवसाला त्याच मापाचे वीस वाढवा. ओळखीचा सुतार असेल तर सागाचे किंवा बीचचे तुकडे कापून, कडा गोल करून, पॉलिश पेपरने घासून घेता येतात, रंग-वॉर्निश काही नको.

अडकवायच्या प्लॅस्टिक ठोकळ्यांचंही तेच, एकच कुटुंब धरा. लेगोचा १९५८ सालचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात बसतो, आणि लहान मुलांचा डुप्लो बरोबर दुप्पट मापाचा असल्यामुळे पुढे घेतलेले लेगो त्याच्यावर बसतात, म्हणून जुने फेकावे लागत नाहीत. महाग आहेत हे खरंय. दुसऱ्या कंपनीचे घेतलेत तरी चालेल, फक्त दरवेळी नवीन कंपनी करू नका, कारण घरात चार जातीचे, एकमेकांत न बसणारे ठोकळे म्हणजे चार अर्धवट संच. आणि एकच विमान होणारे सेट टाळा, निदान सुरुवातीला.

भातुकली आणि एक बाहुली. मुलगा असो की मुलगी. दोन वर्षांचं मूल वाटीतून वाटीत ओततं, चार वर्षांचं तुम्हाला खोटा चहा आणून देतं आणि गरम आहे म्हणतं, सहाला हॉटेल निघतं आणि बिल फाडलं जातं, आठ-नऊला खऱ्या चुरमुऱ्याची भेळ. सावंतवाडीची लाकडी भातुकली किंवा स्टीलची घ्या. पत्र्याची असेल तर कडेवरून बोट फिरवून बघा, बऱ्याचदा कापते. घरातल्या जुन्या वाट्या, चिमटा, गाळणी यांनी निम्मं काम होतं, संच पूर्ण विकत घ्यायची गरज नाही. बाहुलीला काढता-घालता येणारे कपडे असावेत, बटण लावणं तिथेच शिकतात.

मऊ, हाताला लागेल ते. माती, कणीक, वाळू, पाणी. शाडूची माती गणपतीच्या आधी सगळीकडे मिळते, तेव्हा दोन किलो जास्त घेऊन ओल्या फडक्यात आणि घट्ट डब्यात ठेवा. कोरडी पडली तर पाणी घालून परत मळता येते. माती कुठलीही असो, खेळून झाल्यावर हात धुवायला लावा.

चेंडू. दोन, एक मोठा हलका आणि एक मुठीत मावणारा (तीन वर्षांनंतर). याबद्दल काही सांगायला नको.

पत्ते आणि एक पटाचा खेळ. वर सांगितलंच. कोडी घ्यायची तर आधी लायब्ररीतून किंवा शेजारून आणून बघा, कोडं सुटलं की दोन महिन्यांत पुरतं होतं, ते उसनं घेण्यासारखंच खेळणं आहे.

## ५. पुस्तकांचा नियम वेगळा आहे

इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात, कारण पुस्तकाचं एकच वय धरतात. मुलाला एकाच वेळी दोन प्रकारची पुस्तकं लागतात: तुम्ही वाचून दाखवायची आणि त्याने स्वतः वाचायची. ऐकून समजणं हे वाचता येण्याच्या कितीतरी पुढे असतं. सहा वर्षांचं मूल अर्ध्या तासाची गुंतागुंतीची गोष्ट ऐकतं, पण स्वतः वाचताना "क्ष" आणि "त्र"ला अडतं. दोन्हींसाठी एकच पुस्तक घेतलं तर ऐकायला बाळबोध होतं नाहीतर वाचायला अवघड होतं, आणि मग आपण म्हणतो याला वाचनाची आवड नाही.

वाचून दाखवायचं पुस्तक निवडताना दुकानातच एक पान मोठ्याने वाचा, हळू आवाजात पण खरोखर तोंडाने. जीभ अडखळली, वाक्यं भाषांतरासारखी लागली, तर ठेवून द्या. हे पुस्तक तुम्हाला चाळीस वेळा वाचायचंय, कारण मूल तेच पुस्तक परत आणणार. परत आणणं हा हट्ट नाही, प्रत्येक वेळी त्याला वेगळं दिसतं. चित्रांत गोष्टीपेक्षा जास्त काही आहे का तेही बघा, मागच्या खिडकीतलं मांजर, कोपऱ्यातली चप्पल. असं पुस्तक दोनला चित्रांसाठी, चारला गोष्टीसाठी आणि सातला स्वतः वाचण्यासाठी, असं तीनदा नवीन होतं.

स्वतः वाचायच्या पुस्तकाला पाच बोटांची युक्ती. मुलाला मधलं कुठलंही पान वाचायला द्या, न आलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. शून्य-एक, फार सोपं. दोन-तीन, बरोबर. पाच बोटं मिटली तर ते आज वाचून दाखवायच्या कप्प्यात जाईल. अगदी नवीन वाचणाऱ्यांसाठी जोडाक्षरं कमी, अक्षर मोठं आणि ओळींत मोकळी जागा असलेलं घ्या. इंग्रजी माध्यमाच्या मुलांसाठी मराठी पुस्तक त्यांच्या इयत्तेवरून निवडू नका. तिसरीतलं मूल मराठी वाचायला पहिलीच्या पातळीवर असू शकतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण दोन वर्षांच्या बाळाच्या गोष्टीचं पुस्तक दिलं तर त्याला अपमान वाटतो. म्हणून मजकूर सोपा आणि विषय त्याच्या वयाचा, प्राणी, विज्ञान, विनोद, असं शोधा. परदेशातल्या मराठी घरांनाही हेच.

मिळतात कुठे? नॅशनल बुक ट्रस्टची पातळ चित्रपुस्तकं मराठीत आहेत आणि खिशाला परवडतात. ज्योत्स्ना प्रकाशनाची मराठी चित्रपुस्तकं चित्रांसाठी जरूर हातात घेऊन बघा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत आणि पातळीनुसार १ ते ४ अशा लावलेल्या आहेत, त्यामुळे तुमचं मूल कुठल्या पातळीवर आहे ते एक रुपया न घालता आधी तिथे बघता येतं. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक ऑनलाइन वाचता येतात, आठ-नऊच्या पुढच्या मुलांना उत्तम.

नेहमीच्या चुका सांगते. वर्षभराच्या गोष्टींचा जाडजूड ग्रंथ, लहान मुलाला तो उचलतच नाही. मोठ्या कादंबऱ्यांची 'मुलांसाठी संक्षिप्त' आवृत्ती, त्यात फक्त घटनांची यादी उरते, त्यापेक्षा मूळ पुस्तकासाठी तीन वर्षं थांबा. प्रत्येक गोष्टीखाली चौकटीत तात्पर्य छापलेली पुस्तकं, मूल आधी तात्पर्य वाचतं आणि गोष्ट सोडून देतं. आणि पहिल्या वर्षात पातळ कागद, जो चावून खाल्ला जातो. जाड पुठ्ठ्याचं किंवा कापडाचं घ्या.

तपासा: यादीतल्या पाच पुस्तकांत निदान एक माहितीचं, एक कवितांचं आणि एक विनोदी आहे का? सगळीच शिकवणारी असतील तर दोन काढा.

## ६. पैसे द्यायच्या आधी

आता दुकान. यादी हातात ठेवा आणि मुलाला शक्यतो नेऊ नका. नेलंत तर यादीतल्याच दोन वस्तूंतून एक निवडायला द्या.

१ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे, परदेशी बनावटीलाही. मार्कच्या वर आयएस नंबर (साध्या खेळण्याला ९८७३, विजेवरच्याला १५६४४) आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो. हा नंबर भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव येतं, ते डब्यावरच्या नावाशी जुळतंय का बघा. दोन मिनिटं लागतात. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना आणि जीआय (भौगोलिक) मानांकन असलेल्यांना यातून सूट आहे, म्हणून कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यावर मार्क नसला तर लगेच खोटं समजू नका, पण रंग ओल्या रुमालाने घासून बघा, उतरला तर नको.

डब्यावरचा "३+" हा हुशारीचा आकडा नाही. "आमचा खूप शार्प आहे, दोनलाच जमतं" म्हणून घेऊ नका, तो आकडा बहुतेक वेळा घशात अडकण्याबद्दल असतो. घरगुती चाचणी अशी: टॉयलेट पेपर संपल्यावर उरणारी पुठ्ठ्याची नळी, तिच्यातून जी वस्तू किंवा सुटा भाग आरपार जातो तो तीन वर्षांखालच्या मुलाला द्यायचा नाही. सागरगोटे, गोट्या, मणी सगळे यात आले. घरात मोठं भावंड असेल तर त्याचा डबा वरच्या फळीवर.

सावधान, हे चार तर घरातच नकोत, लहान मूल असेपर्यंत:
- गोल चपट्या बटण बॅटरीचं खेळणं, ज्याचं झाकण स्क्रूने बंद नाही. ती बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आतून गंभीर भाजतं. गिळल्याची शंका आली तरी वाट न बघता हॉस्पिटल गाठा.
- सुटे छोटे ताकदवान चुंबक. दोन गिळले तर आतड्याच्या दोन भागांना मधे धरून ओढतात.
- पाण्यात फुगणारे जेलीचे मणी. गिळले तर पोटातही फुगतात.
- न फुगवलेले आणि फुटलेले फुगे. वाढदिवस संपला की तुकडे शोधून उचला.

आवाजाचं खेळणं स्वतःच्या कानाला लावून बघा, कारण मूल तेच करणार. वीतभरापेक्षा लांब दोरी बाळाच्या खेळण्याला नको. ऑनलाइन घेत असाल तर फोटोवर जाऊ नका, सेंटीमीटरमधलं माप वाचा आणि पट्टीवर धरून बघा, 'मोठा किचन सेट' हातभर निघतो की बोटभर हे तिथेच कळतं. डबा उघडल्यावर उग्र वास आला तर परत करा.

## ७. घरी आणल्यावरचे पहिले पंधरा दिवस

चांगलं खेळणं इथे वाया जातं. आणलं की आपण ते कसं वापरायचं ते दाखवतो. नका दाखवू. जमिनीवर ठेवा, शेजारी बसा, आणि निदान दहा मिनिटं हात मागे. विचारलं तरच मदत करा.

सगळं एकदम बाहेर ठेवायचं नाही. मुलाच्या हाताला येईल अशा खालच्या फळीवर सहा-आठ वस्तू, प्रत्येकीला आपली टोपली किंवा ताट, बाकी वर. दोन-तीन आठवड्यांनी दोन बदला, सगळ्या नाही. ठोकळे मात्र कधीच वर जाणार नाहीत. एकाच मोठ्या ड्रममध्ये सगळी खेळणी ओतून ठेवली तर ती असून नसल्यासारखी असतात, मूल तळाशी काय आहे ते विसरतं. पुस्तकं कणा दिसेल अशी नाही, मुखपृष्ठ दिसेल अशी ठेवा, भिंतीवर एक दोरी आणि चिमटे लावले तरी होतं.

नवीन वस्तूकडे पहिल्या आठवड्यात ढुंकून बघितलं नाही तर घाबरू नका. महिनाभर वर ठेवून परत काढा. तिसऱ्यांदाही नाही, तर ती चूक वहीत लिहून ठेवा आणि वस्तू देऊन टाका.

## ८. नातेवाइकांना आधीच सांगा

वाईट वाटेल म्हणून आपण सांगत नाही आणि मग तीन सारखीच बोलणारी पोपटं येतात. वाढदिवसाच्या पंधरा दिवस आधी फॅमिली ग्रुपवर सरळ टाका: "चिनूसाठी काही घ्यायचं असेल तर तिच्या ठोकळ्यांत याच मापाचे वाढवायचेत, नाहीतर ही दोन पुस्तकं." लोकांना उलट बरं वाटतं, त्यांचा शोधायचा त्रास वाचतो. काकांना आपल्या मनानेच घ्यायचं असेल तर तेही घेऊ द्या, ते खेळणं फिरतीच्या फळीवर येईल. आजी-आजोबांना मात्र मी वेगळं सांगते, तुम्ही वस्तू नका आणू, तुम्ही आठवड्यातून एकदा पत्ते खेळायला बसा.

## ९. वर्षातून दोनदा परत चादर

दिवाळीची साफसफाई आणि मे महिन्याची सुट्टी, या दोन वेळा ठरवून टाका. पुन्हा चादरीवर ओता, तीन वयांची परीक्षा परत घ्या, फक्त आता मूल मोठं असेल तर त्यालाही बसवा. देऊन टाकायचं कोणतं ते त्याने ठरवायचं. त्याच्या परवानगीशिवाय दिलेलं एक खेळणं तो पुढची कित्येक वर्षं आठवतो, हे मी मोठ्या माणसांच्या तोंडूनही ऐकलंय.

द्यायच्या आधी: लाकडी वस्तू ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा, पाण्यात बुडवू नका, तडे जातात. प्लॅस्टिकचे ठोकळे साबणाच्या कोमट पाण्यात. कोड्याचे तुकडे मोजून त्याच पिशवीवर आकडा लिहा. खूप जुनी, रंगाचे पोपडे निघालेली खेळणी कोणालाही देऊ नका, जुन्या रंगात शिसं असायची शक्यता असते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, पुस्तकं भिंतीला चिकटून ठेवू नका, मागे दोन बोटं जागा सोडा आणि ऊन पडलं की दिवसभर उघडून ठेवा. पहिल्या पानावर पेन्सिलने मुलाचं नाव आणि वय लिहून द्या. आमच्या लायब्ररीत एका पुस्तकावर अशी चार नावं आहेत, आणि पाचवं मूल सध्या ते रोज घरी नेतंय.